जाणकारांची यादी

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या अटीप्रमाणे हे पत्र आहे, एका ओळीचा निरोप नाही. "काही विचारायचं असेल तर नीट बसून लिहा, तुकडे फेकू नका," असं तू मागे बाबांना सुनावलं होतंस. म्हणून बसले आहे. बाबांचा गुडघा बरा आहे. बाबा स्वतः बरे नाहीत असं म्हणतात, पण गुडघा बरा आहे.

आता कामाचं. ज्या ब्लड बँकेच्या सॉफ्टवेअरवर तू चौदा वर्षं काढलीस, तिथेच गेल्या वर्षापासून मी आहे. तुझ्या वेळेसारखंच सगळं चाललंय. सॉफ्टवेअर फुकट वाटलेलं, ते लिहिणारी दोनेकशे माणसं वेगवेगळ्या देशांत बसलेली, आणि कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. मी कोड लिहीत नाही. काही बिघडलं की त्यातलं कोणाला कळतं ते शोधायचं आणि काम त्याच्या गळ्यात घालायचं, एवढी माझी नोकरी.

गेल्या महिन्यात एका लहान हॉस्पिटलात भयंकर काहीतरी होता होता टळलं. एका म्हाताऱ्या बाईंना रक्त द्यायचं होतं. आपल्या सॉफ्टवेअरने पिशवी जुळते म्हणून हिरवी खूण दिली. पिशवी खाटेशी पोचली. नळी लावता लावता तिथल्या नर्सने बाईंचा चेहरा ओळखला. "अहो, मागे तुम्हाला रक्त चढवताना केवढी थंडी भरली होती!" असं म्हणून तिने हात मागे घेतला. मग शोधाशोध. बाईंच्या रक्तात चार वर्षांपूर्वी एक अँटिबॉडी सापडली होती, म्हणजे ठरावीक प्रकारचं रक्त त्यांना कधीच चालणार नाही. पण तेव्हा त्या बेशुद्ध आल्या होत्या, त्यामुळे नोंद 'अनोळखी स्त्री' अशी. पुढे नावाने दुसरी नोंद झाली. दोन्ही नोंदी एकत्र केल्या तेव्हा अँटिबॉडी गळून पडली. का गळली, हे आमच्यात एकालाही सांगता येत नाही.

तूर्त एकशे चाळीस हॉस्पिटलांना कळवलंय की जुळणीसाठी सॉफ्टवेअरवर विसंबू नका, हाताने करा. मार्चअखेर जाणकार माणूस मिळाला नाही तर जुळणीचा भाग कायमचा बंद.

आमच्या समन्वयकांनी यासाठी 'जाणकार शोधक' तयार करून घेतलाय. कोडच्या कुठल्या भागात कोणाच्या नावावर किती बदल आहेत ते मोजून तो यादी देतो. जुळणीच्या यादीत पहिला माणूस सहाशे तेरा बदलांचा. दुसरी तू, दोनशे सत्याऐंशी! मला इतका अभिमान वाटला की मी ती यादी बाबांना वाचून दाखवली. सांग ना, नोंदी एकत्र होताना तिथे काय घडतं?

तुझी,
मुंगी


११ फेब्रुवारी

मुंगे,

पत्र चांगलं लिहिलंयस. भावाला गुडघ्याबद्दल माझ्याकडून काहीही सांगू नकोस, तो दुखवून घेईल.

तुमच्या समन्वयकांच्या अकलेला दंडवत. ज्याने सगळ्यांत जास्त वेळा दार हलवलं तो घराचा मालक! या हिशोबाने आमच्या इमारतीचा मालक वारा. तुम्ही शोधक बनवलात म्हणतेस. शोधायचं काय होतं, माणूस की आकडा?

तुझी यादी काढून बघितली. पहिल्या नंबरचा तो सहाशेतेरावाला मला ठाऊक आहे. त्याचं नाव मी तेव्हाच इस्त्रीवाला ठेवलं होतं. कोडच्या ओळी मागेपुढे झालेल्या त्याला बघवत नाहीत. सगळ्या एका रेषेत आणतो, जागा सारख्या करतो, कंस जुळवतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या नावावर एक बदल चढतो. शर्टाला कडक घडी. आत माणूस आहे, त्याला ताप आहे की तो मेलाय, याच्याशी गड्याचा संबंध नाही.

तिसरा नंबर माणसाचा नाहीच. दर सोमवारी आवृत्तीचा आकडा एकाने वाढवणारं ते यंत्र आहे. त्याला मीटिंगला बोलावलं नाहीत ना? तुमचा भरवसा नाही. चौथ्याने बटणांवरची नावं आपल्या भाषेत नेली. त्यात 'दाता' आणि 'घेता' यांची अदलाबदल केली होती. ती सात महिने कोणाच्या लक्षात आली नाही, यावरून त्याच्या भाषेत सॉफ्टवेअर किती वापरलं जातं ते समज. पाचव्याने एकदा रंग बदलला. झाले तुमचे पंच जाणकार. उद्या स्वयंपाकघरात ज्याने जास्त वेळा फ्रिज उघडला त्याला आचारी नेमा.

दुसऱ्या नंबरचं म्हणशील तर मला वगळ. नऊ वर्षं झाली त्या कोडला हात लावून. आता सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. आणि याद्या वाचून दाखवत जाऊ नकोस कोणाला. अभिमान वगैरे तर मुळीच नको.

अजून डोकं शाबूत असलेली तुझी
आत्या


१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

त्या यंत्राला बोलावलं होतं. निमंत्रण आपोआप गेलं, त्यानेही आपोआप 'येतो' म्हणून कळवलं. समन्वयक त्याच्यासाठी दहा मिनिटं खोळंबले. "वेगळ्या देशातला दिसतो, घड्याळाचा घोळ असेल," म्हणाले. मी तोंड मिटून बसले, कारण ओठ उघडले असते तर नोकरी गेली असती.

इस्त्रीवाल्याशी मात्र मी वेगळी बोलले. तू म्हणतेस तसा आहे, आणि तसा नाहीही. व्हिडिओवर दिसणारी त्याची खोली इतकी नीटनेटकी की पेन्सिलीसुद्धा उंचीनुसार लावलेल्या.

"जुळणीचा भाग तुम्ही सगळ्यांत जास्त हाताळलाय," मी म्हटलं.

"हो. फार अस्ताव्यस्त होता."

"दोन नोंदी एकत्र करताना अँटिबॉडीचं काय होतं?"

तो हळूच म्हणाला, "खरं सांगू? मी रक्त बघूही शकत नाही. मला चक्कर येते."

पण माणूस प्रामाणिक निघाला. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला. सहा वर्षांपूर्वी आवराआवर करताना त्याने एक ओळ काढून टाकली होती. दोन नोंदी एक होण्याआधी ती ओळ जुनी नोंद उचलून बाजूला ठेवायची, एवढंच त्याला समजलं. "कोणी ती वापरताना दिसलं नाही. का घातलीय याची टीप नव्हती. मला वाटलं, अडगळ आहे," म्हणाला. "ती बाई वाचली ना नक्की?" असं मला तीनदा विचारलं.

नुसती ती ओळ परत घालून भागत नाही, कारण सहा वर्षांत आजूबाजूचं सगळं बदललंय. ती कशासाठी होती, कुठली नोंद राखायची आणि कुठली टाकायची, ते कळायला हवं. ओळीवर नाव तुझं आहे. तारीखही आहे, अकरा वर्षांपूर्वीची. चष्मा सापडत नसेल तर मी तुझ्याकडे येऊन शोधून देते. पण आठव. समन्वयकांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या आत्या टाळतायत का?" मी म्हटलं, "त्या टाळणाऱ्यातल्या नाहीत."

मुंगी


१८ फेब्रुवारी

मुंगे,

इतकं चिकटायचं असतं का माणसाने?

त्या ओळीत गूढ काही नाही. तेव्हा हॉस्पिटलांतले कॉम्प्युटर दरिद्री होते. एकदम दोन नोंदी हाताळताना दम लागायचा, म्हणून जुनी बाजूला ठेवून मग नवी वाचायची सोय केली होती. आता त्याची गरज नाही. साधा नियम लावा, जी तपासणी सगळ्यांत नवी ती खरी, जुनी पुसली तरी हरकत नाही. शाळेतल्या पोरालाही सुचेल इतकं सरळ आहे, म्हणूनच तुमच्या दोनशे विद्वानांना सुचलं नसावं.

समन्वयकांना सांग, मी टाळत नाही, मला कंटाळा येतो. या विषयावर हे माझं शेवटचं पत्र. भावाला पायऱ्या चढायला लावा.

आत्या


३ मार्च

आत्या,

तू सांगितलेल्या नियमाप्रमाणे आम्ही दुरुस्ती केली. इस्त्रीवाल्याने बारा दिवस खपून लिहिली. काल चाचणी होती. सगळे हजर, आणि एका मोठ्या ब्लड बँकेच्या डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. जुन्या दहा केसेस सॉफ्टवेअरमधून काढायच्या. चौथी केस त्या म्हाताऱ्या बाईंची. पडद्यावर परत हिरवी खूण.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "ही दुरुस्ती आहे, की गेल्या वेळी राहिलेलं काम पुरं करायचंय तुम्हाला?"

समन्वयक म्हणाले, "नियम जाणकार व्यक्तीकडूनच घेतलाय."

"मग त्या व्यक्तीला रक्तातलं ओ की ठो कळत नाही. अँटिबॉडी काही महिन्यांनी तपासणीत दिसेनाशी होते. ती गेलेली नसते, दबा धरून असते. चुकीचं रक्त गेलं की उसळून उठते. 'नवी तपासणी ती खरी' असं मानाल तर अशा प्रत्येक पेशंटला तुम्ही मारणार. हे पहिल्या वर्षाच्या टेक्निशियनला माहीत असतं!"

सगळे माझ्याकडे बघत होते. मीच तुझं पत्र वाचून दाखवलं होतं ना.

माझ्या मनात एकच आलं. ज्या बाईने ही ओळ लिहिली, तिला हे माहीत असणारच. तुला माहीत नाही. म्हणजे मग ती ओळ कोणाची?

मी जुन्या सामायिक मेलचं भांडार उघडलं. तिथे कोणी जात नाही, शोधकही जात नाही, कारण मेल लिहिणं म्हणजे 'बदल' नव्हे. अकरा वर्षांपूर्वीचं एक मेल मिळालं. खाली सही: 'सुई'. त्यातलं इथे उतरवते, तुझ्यासाठी नवं नसेलच.

"ताई, काल आमच्याकडे एक बाळंतीण आली. अँटिबॉडीची तपासणी स्वच्छ. पण माझ्या वहीत तिचं दोन वर्षांपूर्वीचं नाव होतं, 'कधीच नाही'च्या पानावर. वही नसती तर ती गेली असती. म्हणून सोबतचा कोड पाठवते. दोन नोंदी एक करण्याआधी जुनी अँटिबॉडी उचलून बाजूला ठेवायची आणि मग नव्या नोंदीत परत घालायची. नवी तपासणी काहीही म्हणो. कोडच्या वर हीच हकीकत टीप म्हणून लिहिली आहे, मोठी झाली आहे पण ती राहू द्या, नाहीतर पुढे कोणीतरी अडगळ समजून काढेल."

दोन दिवसांनी तोच कोड, कंसासकट तोच, तुझ्या नावाने आत गेला. टीप नाही. सुईचं नाव नाही. मी मागे-पुढे चाळत गेले. अशी एक्केचाळीस मेलं आहेत. एक्केचाळीस वेळा दोन-तीन दिवसांनी तू. तुझे उरलेले अडीचशे बदल काय आहेत तेही बघितलं. तू इस्त्रीवाल्याला हसतेस, पण निम्म्याहून जास्त इस्त्रीच आहे.

अजून एक. सहा वर्षांपूर्वी, ओळ काढली त्याच आठवड्यात, सुईने सगळ्यांना लिहिलं होतं: "ही ओळ काढू नका, माणसं मरतील." त्याला एकच उत्तर आलं, तेव्हाच्या कार्यालयाकडून. "धन्यवाद, नोंद घेतली आहे." तिच्या नावावर एकही बदल नसल्यामुळे ती कोण लागून गेली!

मला जे म्हणायचंय त्याला तूच शब्द सुचव. टोचणाऱ्या शब्दांची तुझ्याकडे कधी वानवा नव्हती. ही बाई कोण? कुठे असते?

मुंगी


६ मार्च

मुंगी,

शब्द सोपा आहे. आयत्या बिळावर नागोबा. नागीण म्हण.

मला कारणं देता येतात, पण तुला ती आवडणार नाहीत आणि मलाही आवडत नाहीत. तेव्हा नियम असा होता की बाहेरच्या माणसाने कोड मेलने पाठवायचा आणि किल्ली असलेल्याने तो आत घ्यायचा. जुळणीची किल्ली माझ्याकडे. आत घेताना 'मूळ लेखक' म्हणून एक चौकोन असायचा. पहिल्या वेळी तो घाईत रिकामा राहिला. आपोआप माझं नाव पडलं. खरंच घाईत. त्यानंतर एका बड्या हॉस्पिटलाचं आभाराचं पत्र मला आलं, 'तुमच्या सूक्ष्म दृष्टीबद्दल'. ते मी उशाशी ठेवलं. दुसऱ्या वेळी चौकोन दिसला आणि मी तो दिसूनही सोडला.

मग परिषदेत भाषणाला बोलावलं. विषय: जुळणी. मी सुईची सात पत्रं तोंडपाठ करून गेले. प्रश्नोत्तरं ठेवू नका म्हणून आयोजकांना आधी कळवलं, घसा बसलाय असं सांगून. टाळ्या पडल्या. त्या पडल्यावर परत फिरायचा रस्ता असतो असं लोक म्हणतात. मला तो दिसला नाही. दिसला असता तरी गेले नसते.

टिपा का काढल्या तेही ऐक. 'काल आमच्याकडे एक बाळंतीण आली' हे माझ्या तोंडी शोभलं नसतं. मी कोणती बाळंतीण कधी पाहिली? टिपेत तिचा आवाज होता, म्हणून टीप कापली. ती बाई लिहायची की कापू नका, पुढे कोणी अडगळ समजेल. मी समजले होते तिचं म्हणणं. तरी कापली. इस्त्रीवाल्याने ओळ काढली, पण ती काढता येईल अशी मी करून ठेवली. तुझ्या दुसऱ्या पत्रात ते वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. आणि तरीही तुला ती 'दरिद्री कॉम्प्युटर'ची थाप मारली, कारण खरं कारण मला आठवतच नव्हतं. पाठांतर केलेलं किती टिकणार? त्या थापेवर माणूस मेला असता. एवढी मी जाणकार.

तिने एकदाच विचारलं होतं, "ताई, माझं नाव कुठे दिसत नाही, असंच असतं का?" मी उत्तर दिलं, "असंच असतं."

ब्लड बँकेचा नंबर तिच्या पहिल्या मेलखाली आहे. अजून तिथेच असेल तर तिथे असेल. यापेक्षा जास्त मला सांगायचं नाही.

भावाला काय सांगायचं ते तू ठरव.

आत्या


२२ मार्च

आत्या,

सुई तिथेच आहे. फोनवर म्हणाली, "मेलवर बोलून माझं समाधान झालेलं आहे. यायचं तर या." साडेचार तास बसमध्ये बसून गेले. इस्त्रीवाल्यालाही लॅपटॉपवरून सोबत घेतलं होतं.

ब्लड बँक तळघरात आहे. खिडकी वर छताशी, तिच्यातून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट दिसतात. चार फ्रिज एकसारखे घुमतात. ती आता त्या विभागाची प्रमुख आहे, पन्नाशीची, बुटकी, बोलताना हातातलं काम न थांबवणारी. मी आमच्या संस्थेचं नाव सांगितल्यावर तिने नळीला लेबल चिकटवलं, दुसरी नळी घेतली आणि म्हणाली, "तुमचं सॉफ्टवेअर आम्ही सहा वर्षांपूर्वी बंद केलं. ओळ गेली त्या दिवशी. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं होतं. म्हटलं, तुम्ही तुमची नोंद घ्या, मी माझी घेते." आणि जाडजूड वही टेबलावर टाकली.

मी सगळं सांगितलं. एक्केचाळीस मेलांचंही. वाटलं होतं, आता ही म्हणेल की नावाचं काय घेऊन बसलात, पेशंट वाचले म्हणजे झालं.

"नाव हवं," ती म्हणाली. "सगळ्या एक्केचाळीस ठिकाणी. 'मला काय करायचंय नावाचं' म्हणणाऱ्यातली मी नाही. त्या नावावर माझं आयुष्य बदललं असतं."

आत्या, जे तू 'यापेक्षा जास्त' सांगितलं नाहीस, ते मी तिच्याकडून ऐकलं. आठ वर्षांपूर्वी तिने हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत अर्ज केला होता. मुलाखतीत तिने सांगितलं, जुळणीचा कोड माझा आहे. त्यांनी तिथल्या तिथे नोंदी उघडल्या. तिचं नाव शून्य वेळा. समोरचा माणूस हसला म्हणे. मोठ्याने नाही, नुसता ओठांत. ती म्हणाली, "ताईंना विचारा." त्यांनी तुला विचारलं. दोनदा. तू उत्तर दिलं नाहीस.

"खोटं बोलल्या असत्या तर एक वेळ राग तरी आला असता," ती मला म्हणाली. "गप्प बसल्या. त्याचं काय करायचं माणसाने?"

मी तुझी भाची आहे हे मी तोवर सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. तिने पहिल्यांदाच हातातली नळी खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "नाक तसंच आहे. बसा, काम करू."

चार दिवस लागले. ती सांगायची, इस्त्रीवाला लिहायचा. तो दर पाच मिनिटांनी "का?" विचारायचा आणि ती त्याच्यावर खेकसायची, पण प्रत्येक 'का'चं उत्तर द्यायची. तिसऱ्या दिवशी तिने त्याला फ्रिजमधली पिशवी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. त्याला चक्कर आली. पाणी पिऊन परत बसला बिचारा. परवा डॉक्टरीणबाईंनी दहाच्या ऐवजी साठ केसेस चालवल्या. म्हाताऱ्या बाईंच्या नावापुढे लाल फुली आली. पुढच्या आठवड्यापासून एकशे चाळीस हॉस्पिटलांत जुळणी पुन्हा सुरू.

समन्वयकांची मात्र अडचण आहे. "त्या उत्तम आहेत, पण शोधकात त्यांचं नाव येत नाही, मग कागदोपत्री जाणकार म्हणून कोणाला दाखवायचं?" म्हणतात. मी म्हटलं, त्या सोमवारच्या यंत्राला दाखवा. नोकरी अजून आहे, कारण त्यांना वाटलं मी सल्ला देतेय.

तिच्या दोन अटी आहेत. जुन्या नोंदी बदलता येत नाहीत, म्हणून एक्केचाळीस बदल खरे कोणाचे ते तू सगळ्यांना जाहीर लिहायचं. आणि जुळणीची किल्ली यापुढे तिच्याकडे. दुसरी अट काल पुरी झाली.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला एकटीला लिहायला लावू नकोस, मी जाऊन बसतो तिच्याजवळ." नेहमीचा गुडघा त्यांना आठवला नाही.

मुंगी


१४ एप्रिल

मुंगी,

भाऊ आला होता. तीन दिवस राहिला, समोर बसून पेपर वाचत होता, एक शब्द उपदेश केला नाही. त्याचा इतका राग आला की मी लिहून मोकळी झाले.

जाहीर पत्र तू वाचलंच असशील. एक्केचाळीस बदल, प्रत्येकासमोर तिचं मेल आणि तारीख, आणि खाली त्या मुलाखतीचं. ते कोणी मागितलं नव्हतं, पण ते वगळलं असतं तर परत तेच झालं असतं. त्या कंपनीलाही उत्तर पाठवलं, आठ वर्षं उशिरा. तिथून कळलं की तो विभागच आता नाही.

लोकांची उत्तरं बघितलीस? 'केवढं मोठं मन!', 'असा प्रामाणिकपणा दुर्मीळ'. एकाने तर मला परत परिषदेला बोलावलंय, विषय प्रामाणिकपणा. चोराने माल परत केला की याच गावात त्याचा सत्कार होतो. मी त्या सगळ्यांना कळवलं की हारतुरे घेऊन तळघरात जा, पत्ता देते. एकही गेला नाही, असं सुईकडून कळलं.

हो, मी तिला फोन केला. अर्धा दिवस फोनभोवती घिरट्या घातल्यावर.

"कोण?" ती म्हणाली. मी कोण ते सांगितलं.

"हां. पत्र वाचलं. एकतीस नंबरची तारीख चुकलीय, तेवढी दुरुस्त करा."

"त्या नोकरीबद्दल मी..."

"काय?"

"मी उत्तर द्यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. फ्रिज घुमताना ऐकू येत होते. ती काहीतरी मऊ बोलेल म्हणून मी वाट बघत होते, काय निर्लज्ज असतं बघ माणूस. शेवटी मीच म्हटलं, माझ्याजोगं काही काम असेल तर सांगा.

"आहे," ती म्हणाली. "एक्केचाळीस टिपा. तुम्हीच काढल्यात, तुम्हीच घाला. नव्या कोडमध्ये कुठली कुठे बसते ते वाचून, समजून. पाठ करून नको." आणि पिशव्यांची गाडी आली म्हणून फोन ठेवला.

गेले दहा दिवस तेच करतेय. एका टिपेला कधी कधी अख्खी सकाळ जाते, कारण आता मला खरंच समजून घ्यावं लागतं. चौदा वर्षांत जे शिकले नाही ते शिकतेय, आणि तुला सांगते, त्या बाईने काय विचार केला होता! कुठल्या कुठल्या पेशंटचा. प्रत्येक ओळीमागे कोणीतरी खाटेवर पडलेलं आहे.

पहिल्या दहा टिपा परवा तिच्याकडे पाठवल्या. आज नऊ आत घेतल्या. एक परत आली. सोबत दोन वाक्यं होती: "सातव्या टिपेत तुम्ही माझं वाक्य सुधारलंय. सुधारू नका."

मी ते होतं तसं परत लिहिलं आणि पाठवलं.

आत्या